डब्यावरचं बारीक अक्षर

गायकवाड मॅडम कुठल्याही डब्याची पुढची बाजू बघत नसत. बिस्किटांचा पुडा द्या, चहाचं पाकीट द्या, नाहीतर दिवाळीला सोसायटीने वाटलेला सुक्या मेव्याचा खोका द्या. त्या आधी तो उलटा करत, गळ्यातल्या साखळीचा चष्मा नाकावर चढवत आणि मागचं बारीक अक्षर कोर्टाची नोटीस आल्यासारखं शांतपणे वाचत. वाचून झालं की वस्तू परत देत आणि एवढंच म्हणत, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ बरं असा कधीच नसे.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. धायरीतल्या या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मी सहाव्या. माझ्या हातात बादलीएवढा काळा डबा होता.

"घर रंगवायला काढलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. प्रोटीन पावडर आहे. बाबांसाठी."

"बाबा काय करतात? कुस्ती?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा माझ्या हातातून घेऊन उलटा केला होता. चौथा मजला आला आणि गेला. त्या वाचत राहिल्या आणि वाचत वाचतच माझ्या मागून घरात आल्या.

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. एसटीत कंडक्टर म्हणून सारी नोकरी विदर्भात झालेली. आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीहून इकडे आणलं आणि चार महिन्यांत त्यांचे सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडताहेत, वाढवा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. मी लगेच एक तक्ता केला. अकरा कंपन्या, चौदा रकाने: चव, विरघळणं, लोकांनी दिलेले तारे. माझा नवरा सचिन त्याच्या जिमच्या ट्रेनरला विचारून आला आणि तक्त्यात पंधरावा रकाना घालून गेला. असा दीड महिना अभ्यास करून मी स्वारगेटजवळच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणाचे दंड माझ्या कमरेएवढे होते. तो म्हणाला, "मॅम, कटिंग का बल्किंग? बारीक व्हायचंय का अंग भरायचंय?"

मी म्हटलं, "वडील आहेत. शहात्तर वर्षांचे."

"मग बल्किंग," तो म्हणाला आणि त्याने ही बादली काढून दिली.

मॅडमनी ती बादली आमच्या टेबलावर ठेवली आणि मला समोर उभं केलं. "घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. इथे पहिलं काय आहे?"

"माल्टोडेक्स्ट्रिन."

"म्हणजे साखरेची चुलत बहीण. दुसरं?"

"साखर."

"ही सख्खी. प्रथिनं तिसरी. अगं, हा साखरेचा डबा आहे. त्यात थोडी प्रथिनं सांडलीत."

आल्या आल्या 'मी राऊत' म्हणून नमस्कार करून कोचावर बसलेले बाबा एकदम खूश झाले. "मी म्हणूनच रायलो होतो बाप्पा! दुकानवाल्यानं पोरीले नमुन्याची पुडी देली होती, थे पेलो मी. सरकीच्या ढेपीचं पाणी हाय निरं. आमच्याकडे म्हशीले देते."

"ढेपेत प्रथिनं पुष्कळ असतात, राऊतभाऊ," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या म्हशी तुमच्यापेक्षा बरं खातात."

येरवड्यात वाढलेली ही बाई. आई हातगाडीवर उकडलेली अंडी विकायची, आणि त्या अंड्यांवर मुलगी गृहविज्ञान शिकून सरकारी इस्पितळात आहारतज्ज्ञ झाली. तीसेक वर्षं त्यांनी रोग्यांची ताटं पाहिली. तिथली गंमत सांगायच्या: "श्रीमंत रोगी विचारायचा, काय खाऊ नको? गरीब रोगी विचारायचा, काय खाऊ? दोघांना उत्तर एकच द्यायचे, घरचं साधं जेवण. श्रीमंताला ते पटायचं नाही, कारण त्यात पैसे जात नव्हते."

त्यांची जीभ किती तिखट आहे ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सांगू शकतील, पण सांगणार नाहीत. एकदा अध्यक्षांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अस्सल पुणेरी सभ्यपणे लिहिलं, 'काही सदनिकांमधून अंड्यांचा वास येतो. संबंधितांनी विचार करावा ही नम्र विनंती.' खाली मॅडमचं उत्तर आलं, 'संबंधित मीच. अंडी उकडत होते. माझ्या आईने अंडी विकून मला शिकवलं. आता अंड्यांचा वास घेऊन कुणी मला शिकवू नये. विचार केला.' त्यावर दोन दिवस ग्रुपवर कुणी सुप्रभातसुद्धा म्हणालं नाही.

तेच अध्यक्ष एका रविवारी क्लब हाउसमध्ये 'आरोग्य सकाळ' घेऊन आले. म्हणजे कोट घातलेला एक गृहस्थ गुलाबी पेय घुसळून सगळ्यांना कागदी कपातून देत होता आणि तुम्हीही घ्या, शेजाऱ्यांनाही विका, असं समजावत होता. अध्यक्षांनी आधीच घेतलं होतं, त्यामुळे आता शेजाऱ्यांची पाळी होती. गृहस्थाने पहिल्या रांगेतल्या मॅडमना विचारलं, "ताई, तुम्ही दिवसाला किती प्रोटीन घेता?"

"काल काय खाल्लं ते सांगते. तुम्ही बेरीज करा. दोन अंडी, वाटीभर मटकी, एक पेला दूध."

गृहस्थ हसला. घाम पुसला. "साधारण... कमीच पडतं ते, ताई. आपल्या डाळींत काही नसतं."

मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण मॅडम म्हणाल्या, "हे बरोबर बोललात. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम आले तर आले. आणि आपल्याकडे वरण तरी कुठे घट्ट असतं? डाळीने आंघोळ केलेलं पाणी असतं ते. वर उपासाला साबुदाणा, आणि मग पन्नाशीत जिना चढताना गुडघ्यांना दोष." मग मागे वळून आम्हा सगळ्या बायकांकडे बघत म्हणाल्या, "हसू नका. तुमच्याबद्दल बोलतेय." आणि पुन्हा त्या गृहस्थाला, "आता डबा दाखवा. मागची बाजू."

त्याच्याकडे डबा नव्हता. पेय घरूनच सुटं आणलं होतं.

"मी पावडरच्या विरोधात नाही," त्या परतताना मला म्हणाल्या. "न वाचणाऱ्यांच्या विरोधात आहे."

ती बादली सचिनने ट्रेनरला देऊन टाकली. नव्या डब्याआधी मॅडमनी बाबांचा किडनीचा रिपोर्ट मागितला. "वय झालेल्या माणसाला प्रथिनं पाजायची तर गाळणी शाबूत आहे का ते आधी बघायचं." रिपोर्ट चांगला आला. मग मी एकटीने जाऊन डबा आणला: लहान, साधा, बिनचवीचा. घटक दोनच, अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक ठळक, आणि एका चमच्यात काय येतं ते आकड्यात सरळ लिहिलेलं. मॅडमनी तो उलटा केला, वाचला आणि म्हणाल्या, "ठीक आहे." 'बरं' नव्हे, 'ठीक आहे'. मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

रोज सकाळ-संध्याकाळ मी बाबांना दुधातून ग्लास द्यायचे. ते न कुरकुरता प्यायचे. महिना गेला. बाबा आणखी दोन किलो उतरले.

आता मात्र मी घाबरले. रात्री झोप लागेना. आईच्या शेवटच्या दिवसांत तिचे हात असेच झाले होते. सचिन म्हणाला, तपासण्या करू, मोठ्या इस्पितळात दाखवू. मी मॅडमना फोन केला. त्या दुपारी साडेबाराला आल्या.

"जेवतात किती?"

"मी ताट वाढून देते. नंतर ताट रिकामं असतं."

"जेवताना कोण बघतं?"

त्या वेळी माझी रोज मीटिंग असते. मी जेवते ती लॅपटॉपसमोर, सचिन ऑफिसात, आणि बाबा बाल्कनीत.

मॅडमनी दुसरं ताट मागून घेतलं आणि बाल्कनीत बाबांसमोर बसल्या. त्या दिवशी भाकरी आणि उसळ होती. मी दारात उभी राहिले. बाबांनी घास घेतला, तोंडात या गालातून त्या गालात फिरवला आणि खोकल्याचं निमित्त करून रुमालात काढला. मग इकडे तिकडे बघत भाकरीचा तुकडा कठड्यावर ठेवला. तिथे दोन कावळे नियमाने बसलेले होते.

"राऊतभाऊ, कवळी काढा," मॅडम म्हणाल्या.

"काहून?"

"काढा म्हणते ना."

बाबा नव्या नवरीसारखे लाजले. शेवटी त्यांनी कवळी काढली. खालच्या हिरडीवर दोन जखमा होत्या, लालभडक. वजन उतरलं तशा हिरड्या आक्रसल्या, आणि सैल झालेली कवळी प्रत्येक घासाला मांस कापत होती.

"बाबा, सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

ते खाली बघत म्हणाले, "पोरीच्या घरी येऊन दात दुखते म्हणाचं काय? तू आधीच माह्यासाठी थे तक्ते करून रायली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "डबा निवडायला दीड महिना घालवलास. बापाच्या तोंडात बघायला एक मिनिट मिळालं नाही?"

आजवर मला ऑफिसात पुष्कळ जण पुष्कळ बोलले आहेत. हे एक वाक्य अजून टोचतं.

त्याच संध्याकाळी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. नवी कवळी होईपर्यंत काय द्यायचं ते मॅडमनी ठरवून दिलं: मऊ खिचडी, अंड्याची बुर्जी, पातळसर पिठलं. पावडर बंद नाही केली. फक्त ती ग्लासातून काढून ताटात घातली. "ग्लासभर पिऊन पोट भरतं आणि माणूस म्हणतो जेवलो. ही जेवणात घालायची, जेवणाच्या जागी नाही. आणि पिठलं कोमट झाल्यावर घाल, उकळत्यात घातलीस तर फाटेल." बाबांनी ते पिठलं चाखलं आणि म्हणाले, "हे बरं हाय. यात ढेप लागत नाई." तीन महिन्यांत सदरे पुन्हा खांद्यावर बसले.

त्यानंतर बाबांची आणि त्यांची गट्टी जमली. दोघं खाली बाकावर बसून सोसायटीतल्या लोकांच्या पिशव्यांमध्ये काय आहे यावर शेरे मारत. लोक पिशव्या लपवून नेऊ लागले.

गेल्या वर्षी मॅडम न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी परदेशातून निघेपर्यंत इस्पितळात न्यायला लागणारे कपडे घ्यायला मी आणि बाबा पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेलो. घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघर तर फारच स्वच्छ. ओट्यावर चहाचं भांडं, खारीचा पुडा, लोणच्याची बरणी. फ्रिजमध्ये एक अंडं. बाबा बराच वेळ फ्रिजचं दार उघडं धरून उभे होते.

इस्पितळात मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही जेवत काय होतात?"

"एकट्या माणसाला कुकर लावायचा कंटाळा येतो," त्या म्हणाल्या. मग पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "हे ग्रुपवर टाकू नकोस."

मॅडम घरी आल्यावर बाबा रोज साडेबाराला डबा घेऊन चौथ्या मजल्यावर जात. मॅडमची मुलगी सांगायची, दोघं सारखी भांडत जेवतात. पण बाईंचं शरीर आतून रिकामं झालेलं होतं, हाड सांधेना. तीन महिन्यांनी त्या गेल्या.

शोकसभा क्लब हाउसमध्ये झाली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. वासाबिसाचं सगळं विसरून म्हणाले, "गायकवाड मॅडम म्हणजे आपल्या सोसायटीची अन्नपूर्णाच होत्या."

मागून बाबा उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"अन्नपूर्णा-बिन्नपूर्णा काई नोहोती," ते म्हणाले. "बाईले स्वयंपाक येतच नोहोता. अंडं उकडे, थे बी फुटे. पण माणूस जेवला का नाई, थे तिले तोंड पाहून समजे. आन तिच्या तोंडाकडे आपण कोनी पाह्यलं नाई. मी बी नाई."

ते खाली बसले. अध्यक्षांनी घाईघाईने सर्वांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मी डोळे मिटले आणि सकाळपासून आपण काय खाल्लं ते आठवायचा प्रयत्न केला. दोन मिनिटं संपली तरी आठवेना.