सोपे प्रश्न चुकलेली बाई

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरी कुणालाच कळेना, की या शिक्षणावर नोकरी मिळते तरी कुठे. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क. नागपूरहून ऑफिसबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. कोटरा सुल्तानाबादच्या घरातून मी अर्जांवर अर्ज पाठवले. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या प्रशिक्षण केंद्रात मला काम मिळालं. कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेल्यांना टेक्निशियन व्हायचं असेल तर हिंदीतून लेखी परीक्षा द्यावी लागे. त्या परीक्षेच्या गुणांचे तक्ते करायचे, एवढंच माझं काम.

साहेब पुण्याचे होते, निवृत्तीला आलेले. शिस्तीचे, पण वाईट नव्हते. नवीन काही सुचवलं की आधी चष्मा काढून पुसायचे.

कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्हाला एक पद्धत शिकवली होती, ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. एरवी आपण बरोबर उत्तरं मोजतो आणि मोकळे होतो. या पद्धतीत प्रश्नाचा अवघडपणा आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मांडतात. माणूस प्रश्नाच्या जितका वर, तितकी उत्तर बरोबर येण्याची शक्यता जास्त. क्षमता डोळ्यांना दिसत नाही, उत्तरं दिसतात. म्हणून सगळ्यांची सगळी उत्तरं एकत्र घेऊन उलटं मागे जायचं आणि क्षमतेचा अंदाज बांधायचा. केंद्रात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर बहुतेक वेळ कव्हर घातलेलं असे. मी साहेबांना विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. "करा. पण माझा निकाल अडता कामा नये."

दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून मी प्रोग्रॅम लिहिला. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका त्यात भरल्या. बहुतेक सगळ्यांचं अपेक्षेप्रमाणे होतं: सोपे प्रश्न बरोबर, अवघड चुकलेले, मधे थोडी चढउतार. एकच ओळ सगळ्यांहून वेगळी निघाली. या परीक्षार्थीचे सर्वांत सोपे आठ प्रश्न चुकले होते आणि सर्वांत अवघड, आकृत्यांवरचे प्रश्न जवळजवळ सगळे बरोबर होते.

मी उत्साहात तो कागद साहेबांना नेऊन दाखवला. आजही वाटतं, थोडं थांबायला हवं होतं.

"याचा अर्थ सरळ आहे," ते म्हणाले. "ज्याला सोपं येत नाही, त्याला अवघड कसं येईल? कॉपी आहे ही. पेपर रद्द करावा लागेल."

ती परीक्षार्थी म्हणजे कॉइल विभागातली, विजेच्या मोटारींच्या तारांच्या वेटोळ्यांवर टेप गुंडाळणारी हेल्पर बाई होती. नवरा कारखान्यातच होता. तो वारल्यावर त्याच्या जागी तिला लावून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला खुलासा द्यायचं पत्र गेलं. माझ्या प्रोग्रॅमने वेगळ्या काढलेल्या ओळीवरून एका बाईवर चोरीचा आळ आला होता आणि मी टेबलाशी बसून तक्ते आखत होते.

मला राहवलं नाही. परीक्षेच्या दिवशीचा, कोण कुठे बसलं होतं त्याचा नकाशा मागवला आणि तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका काढल्या. आकृत्यांचे प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाच आले नव्हते. मग तिने उतरवलं कुणाचं?

साहेबांनी नकाशा दोनदा पाहिला. "सोमवारपर्यंत थांबतो," एवढंच म्हणाले.

रविवारी मी पत्ता विचारत इंद्रपुरीत तिच्या घरी गेले. पत्र आल्यापासून तिला कुणी भेटायला आलं नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. मी मराठीत बोलले तेव्हा ती जराशी सैलावली. माहेर अमरावतीकडचं होतं.

"म्या कोनाचं पायलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "पायजे तर आत्ता पुसा."

मी पेपर उघडून तिच्यासमोर ठेवला. एका यंत्रभागाची आडवी आकृती होती. तो मधोमध कापला तर आत काय दिसेल, ते चार चित्रांतून निवडायचं होतं. तिने क्षणभर पाहिलं आणि तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

"कसं कळलं?"

"अकरा वर्सं झाली ड्रॉइंग पाहून कॉइलवर टेप गुंडाळून राह्यली. कारागीर सुट्टीवर असला की ड्रॉइंग मलेच वाचा लागते. आतमधी काय हाय हे न कळता टेप कसा बसन?"

मग मी पेपरातला सर्वांत सोपा प्रश्न काढला. हॉलमधल्या बहुतेकांनी तो बरोबर सोडवला होता. पुढीलपैकी विद्युतरोधी पदार्थ कोणता? पर्याय होते तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि अभ्रक. तिने तांब्यावर खूण केली होती.

"विद्युत म्हंजे वीज, येवढं समजलं," ती म्हणाली. "विजेचं काय, तर तांबंच. आन् हे अभ्रक काय असते?"

"मायका, ताई."

मग तिने हाताचे तळवे पुढे केले. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेषा पुसल्यासारखी. "रोज मायकाचाच टेप गुंडाळतो न मी. मायका लिवलं असतं तर आंधळ्यावानी बी खूण केली असती."

आम्ही उरलेले सात प्रश्न पाहिले. एकेका शब्दाला ती अडत होती. पेपरात टॉर्कला आघूर्ण म्हटलं होतं, सेक्शनला अनुप्रस्थ काट. शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या विभागांत, हे शब्द कुणाच्याच तोंडी नव्हते. आयटीआयमध्ये पुस्तकं वाचून आलेल्यांना ते ठाऊक होते.

मी निघताना म्हटलं, "तुमची वेगळी तोंडी परीक्षा घ्या, असं मी साहेबांना सांगते."

चहाचे कप उचलता उचलता ती थांबली. "माह्यी एकलीचीच काहून? आमच्या लायनीतल्या बाकीच्या बाया बी हेच चुकल्या असतील. त्याहिले कोन पुसन?"

हे मला सुचायला हवं होतं. मी शिकलेली पद्धत नेमकं तेच शोधू शकत होती, आणि मी एका ओळीवर अडकून पडले होते.

सोमवारी सकाळी लवकर जाऊन मी परीक्षार्थींचे दोन गट केले: आयटीआय करून आलेले, ते बरेच जास्त, आणि थेट कारखान्यात शिकलेले थोडे. मग दोन्ही गटांतली सारख्या क्षमतेची माणसं समोरासमोर ठेवली. इतर प्रश्नांत दोघांत फारसा फरक नव्हता. त्या आठ प्रश्नांत मात्र कारखान्यात शिकलेली माणसं कितीतरी जास्त चुकली होती. क्षमता तेवढीच असून ते प्रश्न त्यांना अवघड गेले होते. म्हणजे ते आठ प्रश्न यंत्राचं ज्ञान मोजतच नव्हते, पुस्तकी हिंदी मोजत होते.

साहेबांनी मी काढलेले आलेख हातात घेतले आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"हे प्रश्न मी काढलेत," ते म्हणाले. "मला वाटत होतं, सोपे आहेत."

मी म्हटलं, "सोपेच आहेत, सर. शब्द तेवढे बदलायला हवेत."

त्यांनी त्याच दिवशी खुलाशाचं पत्र मागे घेतलं. वरच्या साहेबांशी त्यांचा बराच वाद झाला, तो दारापलीकडून आम्हालाही ऐकू आला. पंधरा दिवसांनी ते आठ प्रश्न कारखान्याच्या शब्दांत लिहून सगळ्यांनाच पुन्हा दिले. तीही आली, पदर खोचून, पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक करून. पहिली नाही आली ती. पण चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या लायनीतल्या आणखी चौघी तिच्याबरोबर पास झाल्या. निकाल लावला तेव्हा त्या पाचही जणी फळ्यासमोर एकमेकींचे नंबर शोधत होत्या, आणि मी आत टेबलाशी बसून उगाच फाइल चाळत होते, डोळे भरून आले होते म्हणून.

पुढच्या वर्षी पेपर काढायच्या बैठकीला साहेबांनी तिला बोलावलं. अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांमधे ती आधी अवघडून बसली. साहेब एकेक प्रश्न मोठ्याने वाचत. चौथ्या प्रश्नाला तिने हात वर केला.

"सर, इसको शॉप में कोई ऐसा नहीं बोलता."

"मग काय म्हणतात?" साहेबांनी मराठीत विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.