पायरीवरची जागा

महाडच्या दवाखान्यातली ख्रिस्ती नर्सबाई कुठेही बसली की सरकून शेजारी जागा सोडायची. काम करताना देवाशी घरच्या माणसासारखी बोलायची, "बापा, हात थरथरतोय, जरा धर." इंग्रजी शाळेत प्रार्थना पाठ केलेल्या मला त्याचं नवल वाटे.

माझी वहिनी बाळंतपणात अडली तेव्हा दादाने नर्सबाईला बोलावलं. आत्याने दारातच थांबवलं. "बाटगीने बाळंतिणीला शिवायचं नाही!"

बाई भांडली नाही. पायरीवर जागा सोडून बसली आणि आतल्या सुइणीला काय करायचं ते सांगू लागली. वहिनीचं ओरडणं वाढलं, तशी म्हणाली, "बापा, मला नाय घेत आत. तू तरी जा." मग ती पायरीच्या मधोमध बसली.

बऱ्याच वेळाने बाळ रडलं. वहिनी सुखरूप सुटली. बाईने डोळे पुसले आणि सरकून पुन्हा शेजारी जागा केली.