जातीचा रकाना

कागद एकूण नऊ होते. त्यांची यादी मी वहीच्या मागच्या पानावर केली होती आणि एकेक हातात पडला की त्यापुढे फुली मारत होते. गुरांच्या डॉक्टरांचा दाखला, लस टोचल्याची चिठ्ठी, मालकाचं हमीपत्र, पेटाऱ्याची मापं. कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, खाली लाकडाचा भुसा हवा, झाकणावर लाल अक्षरांत ‘जिवंत प्राणी’ हवं. सुताराकडून पेटारा दोनदा करून घेतला, कारण पहिल्यात शेपूट दुमडत होती.

साठ सालानंतरची ही गोष्ट. यजमानांची मुळशीच्या धरणावरून आसामात बदली झाली आणि ते पुढे गेले. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दृष्टी गेलेली. कमरेच्या दुखण्यामुळे पाच दिवस आगगाडीत बसणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून विमान. ते रोज कुत्र्याच्या गळ्यातली दोरी धरून पाण्यापर्यंत जात आणि परत येत. डोंगरावरच्या एका धनगरानं पिल्लू असताना दिलेला तो कुत्रा. मामंजी एवढंच म्हणाले, “तो येणार नसेल तर मला इथंच राहू द्या. तिथं काय नुसतं खाटेवर पडून राहू?” हट्टी माणूस. खरंच एकटे राहिले असते.

शुक्रवारी सकाळी मुंबईहून विमान होतं. बुधवारी मी कागद घेऊन विमान कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं आठ कागद उलटले आणि दाखल्यावर थांबला.

“जात, मराठा,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “बाई, हे काय?”

मागच्या टेबलावरून कुणी तरी म्हणालं, “अरे, पोटजातही विचारून घे!”

सगळी कचेरी हसली. मी कागद ओढून घेतला. रंग बरोबर, वय बरोबर, आणि जातीपुढे आमची जात. बाकीचे आठ कागद मी ओळ न् ओळ वाचले होते. यावर सरकारी शिक्का दिसला आणि मी न वाचताच फुली मारली. आधी स्वतःचाच राग आला.

तिथून एसटीनं पौड गाठलं. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर बाकावर बसून विडी ओढत होता. दाखला त्यानंच भरला होता, डॉक्टरांनी खाली सही केली होती.

“कुत्र्याला मराठा कसं लिहिलंत तुम्ही?”

“मंग काय लिवू? जात म्हनलंय रकान्यात. मालकाचीच येनार की.”

“अहो, कुत्र्याची जात विचारलीये!”

“कुत्र्याला कुटली आलीया जात, वहिनी? लई वरसं हितं असंच लिवतोय. म्हशींचं बी. कुनी काय बोललं न्हाई.”

मी भांडायलाच आले होते. पण त्याच्यात काय खोट काढणार? डॉक्टर फिरतीवर होते. दिवे लागायच्या वेळी आले, स्वतःच्या हातानं नवा दाखला लिहिला आणि जातीपुढे घातलं, धनगरी. बरोबरच होतं. मेंढ्या राखणाऱ्या त्या कुत्र्यांना सगळा मुलूख धनगरी कुत्राच म्हणतो. या वेळी मी दोनदा वाचलं.

गुरुवारी दुपारी पुन्हा तीच खिडकी.

“धनगरी?” कारकून म्हणाला. “काल मराठा, आज धनगर? बाई, नक्की कोण आहे हा?”

“कुत्रा आहे. त्या कुत्र्यांचं नावच ते आहे.”

त्यानं एक जाडं पुस्तक पुढं सरकवलं. अल्सेशियन, पामेरियन, डॅशहुंड. “यात दाखवा.”

“म्हणजे इथल्या कुत्र्यांना जातच नाही?”

“असेल. ती विमानानं जात नाहीत. दाखला दुरुस्त करून आणा.”

“विमान उद्या सकाळी आहे.”

“त्याला मी काय करू? नियम आहे.”

माझे कान तापले. धडधाकट जनावर, मापात बसणारा पेटारा, टोचलेली लस, सगळं होतं. घरी एक म्हातारा माणूस कपडे बांधून बसला होता. आणि अडलं कुठं, तर एका शब्दावर.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “नकार लेखी द्या. कारणासकट. सही, हुद्दा, शिक्का.”

“लेखी कशाला?”

“माझ्या फायलीत लागतो. लिहा. सदर कुत्रा जातीने धनगर असल्याने त्यास विमानात घेता येत नाही.”

त्यानं खरंच कागद घेतला. दोन शब्द लिहिले, थांबला, मागं वळून पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि माझ्या दाखल्यावर शिक्का आपटला.

कलकत्त्याला विमान बदललं. आसामात उतरल्यावर मामंजींना धरून पेटाऱ्याशी नेलं. त्यांनी फळ्यांच्या फटीतून बोटं आत घातली. कुत्र्यानं ती चाटली.

“जीभ कोरडी आहे याची,” मामंजी म्हणाले. “पाणीच पाजलं नाही कुणी.”

पेटाऱ्यावर कलकत्त्याचा कागद चिकटवलेला होता. ‘पाणी दिले’ या ओळीपुढे वेळ होती, सही होती. आतलं भांडं ठणठणीत कोरडं, वर भुशाचा थर. मी तो कागद फाडून पर्समध्ये ठेवला, तक्रारीसाठी. मामंजी तिथंच जमिनीवर बसले होते. “कागद राहू दे गं,” ते म्हणाले, “आधी तांब्या आण.”