चार आवाजांचा हट्ट

आमच्या क्वायरला एकच रोग आहे आणि त्यावर औषध नाही. कुणी चुकलं की तो थांबत नाही, शेजारच्याचा सूर पकडतो. शेजारचा खूश, तोही खूश, आणि माझं डोकं फिरलेलं.

मी शाळेत शिकवते आणि छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं गाणं बसवते. क्वायरमास्तर मात्र आमचे म्हातारे सर. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून सराव मीच घेतला, पण नाव त्यांचं. मग सर मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि चर्चच्या पंचांनी ठरवलं, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत माझं गाणं ऐकायचं आणि मगच जागा कुणाला द्यायची ते बघायचं. दुसरा उमेदवार कीबोर्डवाला. बटण दाबलं की त्याच्या कीबोर्डातून ढोलक, बासरी, सगळा बँडबाजा निघतो. माणूस वाईट नाही. पण तो मास्तर झाला तर मला जे ऐकायचं होतं ते या जन्मात ऐकायला मिळणार नव्हतं.

तीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन राजाच्या दरबारात एक संगीतकार होता. माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवायचा आणि राजाच्या चर्चसाठी उपासनेची गाणी रचायचा. दरबारचा मुख्य संगीतकार आजारी असायचा, त्याचं काम यानं ओढलं. तो वारल्यावर यानं त्या जागेसाठी अर्ज केला. जागा मिळाली ऑपेरावाल्याला! हे मोबाइलवर वाचत मी आमटी ढवळत होते, आणि मोठ्यानं म्हणाले, "घ्या!"

नवरा बाहेरून ओरडला, "काय झालं?"

"काय नाय, जर्मनीतपण पंच आहेत."

पुढं हा माणूस खचला, दुखणाईत झाला, आणि आपलं सगळ्यात मोठं संगीत त्यानं त्यानंतरच लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. त्याच्या हयातीत ते कुणी गायलं की नाही, हेसुद्धा कुणाला धड माहीत नाही. त्यातली देवाच्या कोकराला, म्हणजे येशूला, केलेली विनवणी मी क्रांती चौकातून जाताना रिक्षात ऐकली. वरचा आवाज दया मागतो, खालचा त्याला मध्येच अडवतो, तिसरा भलत्याच बाजूनं येतो, चौथा आपलंच धरून बसतो. कुणी कुणाच्या मागं जात नाही आणि तरी मागणं सगळ्यांचं एकच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "क्या हुआ मॅडम, घर से फोन आया क्या?" त्याला काय सांगू, कपाळ!

म्हटलं, उत्तम शुक्रवारी हेच. सगळं नाही, त्यातला एक तुकडा. बायकांचे दोन आवाज, त्यातला वरचा एकट्या पोरीचा; पुरुषांचे दोन. पुरुषांपैकी वरच्या पट्टीतले बजाजनगरचे, खालच्या पट्टीतले शेंद्र्याच्या कंपन्यांतले. एकाची पहिली पाळी सुटावी तर दुसऱ्याची दुसरी सुरू. कसंबसं गोळा करून एकेक आवाज वेगळा बसवला. वेगळा असला की साखर. चारही आवाज एकत्र झाले की जरा वेळात सगळे वरच्या चालीवर!

"अहो, का पण?" मी अक्षरशः रडकुंडीला आले.

दुसऱ्या आवाजातल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, ती पोरगी एकटीच वर गाती. तिला असं एकटं सोडायचं का?"

आता बोला. लहानपणापासून भजनात हेच शिकलेले. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी झील धरायची, चुकलेल्याला सांभाळून घ्यायचं. मी चिडून म्हणाले, "कान बंद करा नायतर कापूस घाला, पण आपलंच गा!" पुढच्या सरावाला मावशींसकट सगळी रांग खरोखर कानांत कापूस घालून हजर. मी सुरुवातीचा सूर दिला तो कुणालाच ऐकू आला नाही. मी हात टेकले.

शुक्रवारी सुरुवात मात्र अशी झाली की माझा कानांवर विश्वास बसेना. चार आवाज, चार वाटा. वाटलं, जमलं, बाई! आणि तेवढ्यात शेंद्रावाले सरकले, त्यांच्या मागं बजाजनगर, शेवटी मावशीसुद्धा. सगळे एका चालीवर, छाती फोडून. चाल सापडली म्हटल्यावर मागच्या बाकांवरूनही लोकांनी झील धरली. मी हात हलवत होते, पण मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

उपासनेनंतर पंचांचे सेक्रेटरी डोळे पुसत आले. "ताई, अंगावर काटा आला! सरावाला ऐकलं तेव्हा वाटलं, हे चौघं चार दिशांना चाललेत. आज बघा, सगळे एका सुरात. जागा तुमची."

"साहेब, ते चुकलं. तसं गायचंच नव्हतं."

सगळे पंच हसले. "बघा, एवढं करून वर नम्रपणा!"

"चुकलं म्हणतेय ना मी!"

"बरं, चुकलं. पण इथून पुढं असंच चुका. ते चार-चार आवाज नकोत. मंडळीला सोबत म्हणता आलं पाहिजे."

मला संताप आला. त्याहून वाईट म्हणजे ती जागा मला अजूनही हवी होती, लई हवी होती. तोंडाशी 'हो' आलं होतं. मी म्हणाले, "मग जागा राहू द्या तुमच्याकडंच."

नवऱ्यानं मला वेड्यात काढलं. क्वायर तर रुसलीच, "आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही लाथ मारली." कीबोर्डवाला मास्तर झाला.

गेल्या रविवारी मी मावशींच्या शेजारी रांगेत उभी राहिले. नेहमीचं गीत, सगळ्यांच्या तोंडातलं. ढोलकाचं बटण दाबलं गेलं. दुसऱ्या कडव्याला मला राहवलं नाही. मनात कधीचा बसवून ठेवलेला दुसरा आवाज मी हळूच धरला, आणि माझ्या एकटीच्या सुरावर पुढं गेले.

मावशींनी कोपरानं ढोसलं. "मॅडम, चुकताय तुम्ही. माझ्यासंगं म्हणा."

मी मान हलवली आणि माझंच म्हणत राहिले. मावशींनी माझा हात धरला आणि मला सावरायला आपला आवाज आणखी वाढवला.