पाऊणपट आणि वर एक तास

दादाचा निरोप होता, दहा वाजता रोह्याच्या एस.टी. स्टँडसमोर उभा राहा. मी साडेनवालाच जाऊन उभा राहिलो. पौष महिना होता, ऊन अंगाला बरं वाटत होतं. नागोठण्याच्या बाजूने गाडी आली तेव्हा स्टँडवरच्या रिक्षावाल्यांच्या माना वळल्या. खिडक्यांना फुलाफुलांच्या कापडाचे पडदे, टपावर पाण्याची निळी टाकी, आणि मागच्या दारावर माझ्या पुतणीने, पमीने, रंगाने काढलेलं एक घर. घराला चार चाकं.

"मास्तर, चढा!" दादा खिडकीतून ओरडला. "घर तुमच्या दारात आलंय."

"भाड्यानं देता काय हो घर?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"देणार. पयले घरची माणसं झोपून उठू देत, मंग तुमी या," दादा म्हणाला.

ही गाडी मूळची एका शाळेची मिनीबस. भंगारात निघालेली. दादा पेणला एका गॅरेजात मेकॅनिक होता. तिथे कुणीतरी टाकून दिलेल्या मासिकात त्याने परदेशातल्या चाकांवरच्या घराचं चित्र पाहिलं, आणि ते कापून पाकिटात ठेवलं. दोन वर्षं, गॅरेज सुटल्यावर रोज, तो या बसच्या मागे होता. बाकं काढून त्याने झोपायच्या फळ्या बसवल्या, स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा केला, भांडी घरंगळू नयेत म्हणून मांडणीला लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या. त्या महिन्यात त्याने गॅरेजची नोकरी सोडली होती. कुटुंबं समुद्रावर न्यायची, तिथेच गाडीत मुक्काम करायचा, परत आणायची, हा आता त्याचा धंदा होणार होता. आमची सहल ही गाडीची परीक्षा होती.

आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं (खाडीकाठची, बांध घालून राखलेली जमीन). वडील मिठागरात कामाला होते. ते गेले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली आणि मी सोडली नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. रोह्याच्या शाळेत गणित शिकवतो. दादा मला मास्तर म्हणतो त्यात चेष्टा अर्धीच असते. उरलेला अर्धा भाग ऐकला की मला अजून संकोच वाटतो.

रोहा सोडल्यावर कुंडलिका नदी कधी दिसे, कधी झाडीत लपे. शेतात वाल शेंगांवर आला होता. आई खिडकीशी बसली होती. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं ती पेणच्या पुढे कुठे गेली नव्हती.

"एवढं घर केलास, न्हाणी नाय केलीस ती?" आईने विचारलं.

"टाकी टपावर हाय ना, आय. तू खाली उबी रा, मी वरून बूच काढतो."

"मेल्या, सुनेला उबी कर!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. वाटेत वडाखाली गाडी थांबवून तिने पत्र्याच्या ओट्यावर भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. मांडणीतलं एकही भांडं पडलं नव्हतं. दादाने जेवण्याआधी ती दोनदा मोजून पाहिली.

तीनच्या सुमाराला बेट दिसलं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्यापासून पाचशेएक पावलांवर, सुरूच्या झाडांचा एक काळा पट्टा. मध्ये खडक आणि वाळूची वाट. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. बेटावर सुरूच्या बनात तंबू लावायला जागा होती. एक गोड्या पाण्याची विहीर होती, आणि देखरेखीला काशीबाई होती. कोळीण, साठीची, आवाज खणखणीत. ओहोटी होती, दादाने गाडी वाटेवरून थेट बेटावर नेली. ती पाहून काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गो बाय, बिऱ्हाडच आणलाव की! आता ऐका. पानी पुरं भरायच्या तीन तास आधी वाट बुडते. मंग हितं कोन येत नाय, हितून कोन जात नाय. मी पन नाय."

"मी गाडी बघतो, पानी तू बघ," दादा मला म्हणाला. "शिकलेला हायस."

खारेपाटातल्या माणसाला भरतीची वेळ घड्याळात शोधावी लागत नाही. वडिलांनी आम्हाला ती लहानपणीच शिकवली होती. आज कितवी तिथी ते बघायचं, तिची पाऊणपट करायची, वर एक तास घालायचा. तेवढे वाजले की पाणी पुरं भरतं. चतुर्थी असेल तर पाऊणपट तीन, वर एक, म्हणजे चार वाजता. गावात याच हिशेबावर आम्ही बांधाची उघाडी (पाणी सोडायचं दार) उघडताना आणि मिटताना पाहिली. पाचवीत शिक्षकांनी अपूर्णांक शिकवले तेव्हा वर्गात मला ते आधीच येत होते.

आम्ही पौर्णिमेला सकाळी परतणार होतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वर एक, सव्वाबारा. त्यातून वाट बुडायचे तीन तास काढले, सव्वानऊ. गाडीच्या दारावर आतल्या बाजूने मी खडूने लिहिलं, 'पुनव, सव्वानऊ.' दादाने अक्षराकडे कौतुकाने पाहिलं.

दुसरा दिवस चांगला गेला. एवढा चांगला की लिहिताना हात जड होतो. पमीने कवड्या वेचल्या. आई वाळूत पाय पसरून बसली आणि लाटेने पाय भिजले की लहान पोरीसारखी ओरडली. संध्याकाळी आम्ही पोपटी लावली (मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते उपडं घालून भाजतात). काशीबाई पण खायला आली. दादा तिला गाडीची एकेक कडी दाखवत होता. पुढच्या महिन्यात पेणच्या दोन कुटुंबांना आणतो म्हणाला.

"आन, पन त्यांना सांग, गुमान झोपा," काशीबाई म्हणाली. "मुंबईची येतात ती बोंबलत नाचतात. माझी कोंबडी अंडी देयाची थांबली."

त्याच दिवशी सकाळी एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. चतुर्दशी होती. माझ्या हिशेबाने पाणी साडेअकराला भरून फिरायला हवं होतं. अकरालाच ओल्या वाळूची कड पाण्याच्या वर दिसू लागली. लाटा पुढेमागे होतच असतात, त्यावरून काय कळतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. कोणाला बोललोही नाही.

पौर्णिमेच्या सकाळी आठाला काशीबाई खडकांवरून काढलेल्या कालवांची (शिंपल्यांची) पाटी घेऊन वाटेवरून परत आली. आम्ही चहा पीत होतो.

"काय गो, अजून बसलाव?" ती वहिनीला म्हणाली. "आज पुनव हाय. पानी धावत येल. निघा."

वहिनी भांडी उचलायला उठली. मी म्हणालो, "सव्वानऊपर्यंत वेळ आहे, काकू. तिथीवरून काढलंय."

काशीबाईने माझ्याकडे, मग दादाकडे पाहिलं.

"मास्तरनी काढलंय," दादा म्हणाला. "चुकायचं नाय."

"मंग काय, मास्तर शानं," ती म्हणाली आणि पाटी घेऊन घराकडे गेली.

आम्ही चहा संपवला. आईला धरून गाडीत चढवायला वेळ गेला. निघालो तेव्हा पावणेनऊ झाले होते. माझ्या मते हातात अर्धा तास होता.

वाटेच्या पहिल्या भागात खडक कोरडे होते. मध्ये वाट थोडी खोलगट आहे. तिथे पाणी दिसलं. घोट्याएवढं असेल. दादाने ब्रेक लावला.

"पानी आलंय रे."

"कालचं साचलेलं असेल," मी म्हणालो. "चल तू."

दादाने एकदा दाराकडे, खडूने लिहिलेल्या वेळेकडे पाहिलं. मग त्याने गाडी घातली. वीस पावलांवर मागची चाकं वाळूत बसली. त्याने गाडी मागेपुढे केली, तशी ती आणखी बसली. पाणी साचलेलं नव्हतं. ते दोन्ही बाजूंनी, आवाज न करता, बघता बघता पायरीपर्यंत आलं. इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

दादाने आईला पाठीवर घेतलं. मी पमीला घेतलं, वहिनीने मला धरलं. किनारा बेटापेक्षा जवळ होता. पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि ओढत होतं. दादाच्या गळ्याभोवती आईने हात इतके घट्ट आवळले होते की किनाऱ्यावर ते सोडवावे लागले. तिला वाळूत बसवून दादा परत पाण्यात शिरला. मी मागे धावलो, पण तो गाडीपर्यंत पोचला होता. बॉनेट उघडून तो आत वाकला होता. पाणी छातीला लागेपर्यंत तो तिथेच होता. मी हाका मारत होतो. शेवटी जवळून जाणाऱ्या एका होडीवरच्या दोन कोळ्यांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

साडेदहाला गाडी एका कुशीवर कलंडली. निळी टाकी सुटून खाडीत वाहत गेली. पडदे पाण्यावर तरंगत होते. पमी म्हणाली, "बाबा, घर झोपलं."

ओहोटीला काशीबाई वाट ओलांडून आली. तिने आईला कोरडं लुगडं दिलं. मग माझ्याजवळ बसली.

"तुमचा गाव कुठं?"

मी सांगितलं.

"म्हंजी खाडीच्या पार आत. हितलं पानी तुमच्याकडं पोचायला तास लागतो, बाबा. तो तास तुमच्या गावचा. दर्यावर तो घालायचा नसतो. मी सकाळी इचारायला हवं होतं."

वडिलांनी शिकवताना 'आपल्याकडे वर एक तास' असंच म्हटलं होतं. आता ते शब्द मला स्पष्ट आठवले. पदवी मिळेपर्यंत मी असंख्य सूत्रं पाठ केली, आणि प्रत्येक सूत्र कुठे चालतं, कुठे चालत नाही, हे आज पोरांना घसा फोडून सांगतो.

गाडी ओढून काढायला दोन दिवस लागले. इंजिनात खारं पाणी आणि वाळू होती, फळ्या फुगून तडकल्या होत्या. दादाने हात घालून आतून चिखल काढला, वास घेतला आणि हात पँटला पुसले. "गेली," एवढंच म्हणाला. मांडणीच्या लाकडी पट्ट्या मात्र त्याने खिळे उपटून सोडवल्या, पुसल्या आणि पिशवीत घातल्या. दारावरचा खडू धुऊन गेला होता.

आम्ही एस.टी.ने परतलो. रोह्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तोच रिक्षावाला समोर होता.

"काय शेठ, घर कुठं ठेवलात?"

"बुडालं," दादा म्हणाला. "पान्याचा अंदाज माझा चुकला."

मी शेजारीच, आईचा हात धरून उभा होतो. त्या रिक्षावाल्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. दादाला ते ठाऊक होतं, मीच त्याला मागे कधीतरी सांगितलं होतं. मी बोललो नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. पेणची गाडी लागली. दादा पिशवी घेऊन चढला, आणि पुढच्या सोमवारी त्याच गॅरेजात, त्याच मालकाकडे कामाला गेला.

अजूनही पेणला कोणी विचारलं, तर तो हेच सांगतो. त्या गॅरेजात लोक त्याला चेष्टेने 'दर्यावर्दी' म्हणतात, तो हसतो. हे प्रवासवर्णन गावच्या वार्षिकात छापायला मी मुद्दाम दिलं, कारण तो अंक गॅरेजातही जातो आणि रोह्याच्या स्टँडवरही. अंदाज दादाचा चुकला नव्हता. त्याने पाणी पाहून गाडी थांबवली होती. चल, असं मी म्हणालो होतो.