कळ्या उमलतात, ही तक्रार

गेल्या शनिवारी वसईतल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो होतो. फ्रीज बंद पडला होता. घेऊन चौदा महिने झालेले आणि वॉरंटी एक वर्षाची...

मी इथे सहसा लिहीत नाही. माझी पत्नी वंदना अचानक गेली, त्याला दोन महिने होऊन गेले. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण घरी येऊन गेलात. त्यानंतर आज पहिल्यांदाच लिहितोय.

टेक्निशियन घरी येऊन फ्रीज बघून गेला होता. गॅस लीक आहे, वॉरंटी संपली, खर्च तुमचा. मी तयारही झालो होतो. पण वंदनाचा भाऊ सदानंद ऐकेना. निर्मळला त्याची फुलांची वाडी आहे. म्हणाला, "भावोजी, ताईनं वॉरंटीत असतानाच तक्रार केलेली. मला फोनवर बोललेली. तुम्हाला नाय सांगितलं?"

नव्हतं सांगितलं...

काउंटरवरच्या मुलीने जुनी नोंद शोधली. अकराव्या महिन्यात खरंच तक्रार होती. घरी कुणालाही न पाठवता दुसऱ्याच दिवशी बंद केलेली. शेरा वाचताना ती गोंधळली. "सर, इथे लिहिलंय, फ्लॉवर्स ओपनिंग इन फ्रीज. मॅडमना डोअर म्हणायचं असेल ना? दार नीट लावा सांगून कॉल क्लोज केलाय."

मी म्हटलं, नाही. फ्लॉवर्सच.

सदानंद दर आठवड्याला मोगऱ्याच्या कळ्या पाठवायचा. वंदना त्या केळीच्या पानात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची, रोज थोड्या देवाला काढायची. आत नीट गार असेल तर कळ्या दोन-तीन दिवस मिटलेल्या राहतात. त्या आतच उमलायला लागल्या, म्हणजे गारवा कमी पडतोय. वाडीत वाढलेली ती, तिला ते लगेच कळलं.

कळ्या उमलताहेत हे मलाही तिने सांगितलं होतं. मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो होतो, तू सारखं दार उघडतेस. कंपनीनेही जवळजवळ तेच उत्तर दिलं... मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मॅनेजरला मी सगळं समजावून सांगितलं. तो हसला. "काका, सिस्टीममध्ये फुलांचा कॉलम नाही."

मी म्हटलं, मग बिघाडाच्या कॉलममध्ये लिहा. खर्चाचं नंतर बघू, पण ही तक्रार बरोबर होती एवढं मला लिहून हवंय. मी एरवी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसून राहिलो.

तासाभराने आमच्याकडे आलेला टेक्निशियन कामावरून परतला. इथल्याच जूचंद्र गावचा आहे. त्याने नोंद वाचली, कळ्यांबद्दल मला एक-दोन गोष्टी विचारल्या आणि मॅनेजरसमोरच म्हणाला, "मॅडम बरोबर होत्या, साहेब. लीक बारीक आहे. तेव्हापासूनच असनार."

मॅनेजर मग हसला नाही. वॉरंटीत केलेली तक्रार न तपासताच बंद केली असेल, तर त्याच बिघाडासाठी नंतर 'वॉरंटी संपली' म्हणून हात वर करता येत नाहीत, हे त्यानेच मान्य केलं. मला हे माहीतच नव्हतं. तुमच्याकडे असं काही झालं तर आधीच्या तक्रारींची नोंद जरूर मागा.

मंगळवारी फ्रीज दुरुस्त झाला, विनाशुल्क. जॉबशीटवर ग्राहक म्हणून अजून वंदनाचंच नाव आहे. खाली टेक्निशियनने स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'पूर्वीची तक्रार योग्य होती.'

त्याचे आणि त्या काउंटरवरच्या मुलीचे मनापासून आभार. तिने तो शेरा मोठ्याने वाचला नसता, तर मला काहीच कळलं नसतं...

वंदनाचं बरोबर होतं. तिला हे सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतोय.