काचेच्या तळाची होडी

लग्नाला दहा वर्षं झाली तरी बायकोनं समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मीच हट्टानं तिला नागपूरहून अंदमानला नेलं. तिसऱ्याच दिवशी लॉजवर तार आली, तिचे वडील अत्यवस्थ होते. परतीचं जहाज आठवड्यानं होतं. "तोवर बेट पाहून घ्या," मॅनेजर म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. पण खोलीत बसून तरी काय करणार होतो?

"काहून आणलं जी मले इथं?" एवढंच ती विचारायची.

काचेच्या तळाच्या होडीत ती मान खाली घालून बसली. खाली रंगीत मासे फिरत होते आणि काचेवर तिची आसवं पडत होती. बाई मासे बघण्यात रंगून गेल्या, असं होडीवाल्याला वाटलं. त्यानं कौतुकानं होडी आणखी दहा मिनिटं तिथंच थांबवली.